दाराबाहेर ठेवलेलं ताट

ते प्रकरण आजही आठवलं की मला आरोपी आधी आठवत नाहीत, माझी स्वतःची सही आठवते. एका अकस्मात मृत्यूच्या कागदांवर ती मी घाईत ठोकली होती आणि फाईल बाजूला सारून चहा मागवला होता. चौतीस वर्षं खात्यात काढली. दरोडेखोर पकडले, खुनी पकडले, दोनदा बक्षीसही मिळालं. पण नोकरीतलं सगळ्यात मोठं प्रकरण कोणतं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगतो. यात पहिली चूक माझी होती. नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, बाकीच्यांना नावं कळून काही उपयोग नाही.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. माझ्या तोंडात अजून नगरच येतं, तेवढं वाचकांनी सांभाळून घ्यावं. उत्तरेकडच्या ऊसपट्ट्यातल्या एका ठाण्याला मी पोलीस निरीक्षक होतो. गावाबाहेर कालव्याच्या कडेला एका संस्थेचं निवासी गृह होतं. तिथं अठ्ठावीस माणसं राहायची, सगळी वयानं मोठी. कुणाची बुद्धी लहानपणीच थांबलेली, कुणाला फिट यायची, कुणाला बोलता येत नव्हतं. आई-बाप थकले, वारले, किंवा शेतीकामामुळे लक्ष देणं जमेना, की लोक आपलं माणूस तिथं ठेवायचे. ठेवताना रडायचे आणि परत जाताना तिथल्या अधीक्षकांच्या पाया पडायचे. गावातही त्या गृहाला मोठा मान होता. वाढदिवसाला लोक तिथं केळी वाटायला जायचे, फोटो काढायचे. मीसुद्धा एकदा काढलाय.

एका उन्हाळ्यात तिथला तिशी ओलांडलेला एक इसम मेला. अधीक्षकांनी ठाण्यात कळवलं, न्हाणीघरात पाय घसरून पडला, डोक्याला मार लागला. माझे हवालदार गेले, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. काळजीवाहकाचा जबाब, अधीक्षकांचा जबाब. बाकीच्या सत्तावीस जणांबद्दल एकच वाक्य, 'सदर इसम जबाब देण्याच्या मानसिक स्थितीत नाहीत.' हे वाक्य आमच्या खात्यात इतक्या वेळा लिहिलं गेलंय की लिहिताना पेन आपोआप चालतं. त्यातल्या एकाशीही आमचा कुणी माणूस बोलला नव्हता. बोलून पाहिलंच नाही, तर स्थिती कशी कळणार? पण तेव्हा हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

मयताची आई आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातून आली होती. जीप, मग एसटी, मग पुन्हा एसटी. साठीच्या पुढची बाई, नवरा कधीचाच गेलेला, थोडी भातशेती. प्रेत ताब्यात घ्यायचं सोडून ती माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली.

"साहेब, माझं पोरगं पान्याला लई भ्यायचं. न्हानीत येकटं कवाच जायचं न्हाई. मी तोंड पुसायला फडकं वलं केलं तरी रडायचं. ते पाय घसरून कसं पडंल?"

मला पुढं बंदोबस्ताची बैठक होती. मी म्हणालो, "आई, नशिबापुढं कुणाचं चालतं का?"

 तिनं पदर खोचला आणि ती गेली. मी कागदांवर सही केली. शवविच्छेदन अहवालाची शेवटची ओळ वाचली, 'डोक्यास मार लागून मृत्यू'. ती जबाबांशी जुळत होती. अंतिम अहवाल प्रांताधिकाऱ्यांकडे गेला आणि प्रकरण मिटलं.

चार-पाच महिन्यांनी मी बाजारपेठेतल्या माझ्या नेहमीच्या नाभिकाकडं केस कापायला बसलो होतो. साठीचा माणूस, मुसलमान, गावात सगळे त्याला चाचा म्हणायचे. एरवी चाचांचं तोंड कात्रीपेक्षा जास्त चालायचं. त्या दिवशी गप्प. दुकानातलं शेवटचं गिऱ्हाईक गेलं तसं त्यांनी दार लोटलं.

"साहेब, एक सांगू का? रागावू नका."

"बोला की."

"त्या कालव्यावरच्या गृहात मी दर महिन्याला जातो. बाप्यांची डोकी, दाढ्या करतो. आता माझं काम काय, डोकं बघायचं. तिघांच्या डोक्यावर टाक्यांच्या खुणा हायत. तिन्ही मागच्या बाजूला. माणूस पुढं पडला तर कपाळ फुटतं, हनुवटी फुटते. तिघं बी मागंच कसे पडले?"

मी आरशातून त्यांच्याकडं बघत होतो.

"आन एक गडी हाय तिथं. मी वस्तरा घ्यायला नुसता हात उचलला तरी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसतो. आधी असा न्हवता तो. लई हसरा हुता. वर्षभरात असा झाला."

मला राग आला. आता कळतं, तो राग माझा माझ्यावरच होता, पण निघाला चाचांवर. "अहो, मग इतके दिवस काय मूग गिळून बसला होता?"

"अधीक्षकांना इचारलं हुतं मी. ते म्हनले, तुमी केस कापा. मग घाबरलो. हातचं काम गेलं असतं," चाचा म्हणाले. मग कात्री खाली ठेवून सरळ म्हणाले, "आन साहेब, पोलीस येऊन गेल्ते की तिथं. केळी वाटायला बी आल्ते, मानूस मेला तवा बी आल्ते. मला कुनी इचारलं का? आज बी तुमी इचारलं न्हाई, मीच सांगतोय."

अर्धे केस कापलेले, गळ्यात कापड, आणि एक नाभिक पोलीस निरीक्षकाला कामकाज शिकवतोय. बरोबर शिकवत होता. उठताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "जायचं आसंल तर फोन करून जाऊ नका. तुमचा फोन आला की तिथं सगळ्यांना नवी कापडं चढतात."

ठाण्यात आलो आणि बंद झालेली फाईल मागवली. या वेळी पहिल्या ओळीपासून वाचली. शवविच्छेदन करणारा डॉक्टर नवखा होता. नवखी माणसं सगळं लिहितात, देव त्यांचं भलं करो. तिसऱ्या परिच्छेदात त्यानं लिहिलं होतं, 'दोन्ही हातांच्या नखांत पांढरा पदार्थ, चुना असावा.' मग आमचाच पंचनामा काढला. न्हाणीघराच्या भिंतींना छतापर्यंत टाइल्स, असं हवालदारांनी स्वच्छ अक्षरात नोंदवलेलं. टाइल्सच्या न्हाणीत घसरून मेलेल्या माणसाच्या नखांत चुना कुठून आला? दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये, एकमेकांना चिकटून, पाच महिने पडले होते, आणि वर माझी सही.  ती बाई दारात उभी राहून सांगत होती ते खरं होतं, आणि मी तिला नशीब शिकवलं होतं.

वरिष्ठांना फोन केला. ते माणूस म्हणून चांगले होते, पण म्हणाले, "अहो, तुम्हीच बंद केलेलं प्रकरण तुम्हीच उकरणार? स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेताय." मी म्हणालो, "साहेब, धोंडा पडलेलाच आहे. फक्त तो माझ्या पायावर नाही पडला."

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळेला, न कळवता गेलो. बरोबर हवालदार आणि एक महिला अंमलदार. अधीक्षक दारातच भेटले. पांढराशुभ्र शर्ट, गोड बोलणं. "साहेब, आधी सांगितलं असतं तर काही व्यवस्था केली असती." मी म्हणालो, "व्यवस्था कशाला? जेवायचीच वेळ आहे, पंगतीत बसतो." त्यांना नाही म्हणता येईना.

पडवीत पट्ट्या अंथरल्या होत्या. माणसं रांगेत बसली होती. आवाज नाही. पंचवीसेक माणसांची पंगत आणि भांड्यांखेरीज कसलाही आवाज नाही, याचंच मला आधी नवल वाटायला हवं होतं. ताटं मांडायचं काम तिथल्याच एका रहिवाशाकडं होतं. पन्नाशीचा, धोतर-बनियनमधला, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. अण्णांना बोलता येत नव्हतं. मोजताही येत नव्हतं, पण माणूस तिथं ताट, हा त्यांचा हिशोब पक्का होता. पंगतीत सगळ्यांपुढं ताट आलं, आम्हा तिघांपुढं आलं. मग अण्णांनी आणखी एक ताट उचललं, त्यात दोन भाकरी ठेवल्या, पाण्याचा तांब्या घेतला, आणि पडवीच्या टोकाला एका बंद दारासमोर नेऊन खाली ठेवलं. ताट नीट सरळ केलं. परत येऊन जेवायला बसले.

काळजीवाहक धावत गेला आणि ताट उचललं. अधीक्षक हसून म्हणाले, "वेडं आहे साहेब. कुठंही ताट ठेवतं. तिथं कोठीघर आहे."

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. मी हात धुतले आणि उठलो. "कोठी उघडा."

"किल्ली बाहेर गेलीय साहेब, माणूस येईल इतक्यात..."

"दाराला कुलूप नाही. बाहेरून कडी आहे. काढा."

आत धान्य नव्हतं. एक चटई, एक बादली, चुना मारलेल्या चार भिंती. दाराशेजारच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर चुन्याचे पोपडे निघालेले, आणि कोपऱ्यात एक माणूस. उजेड पडताच त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. चाचांनी सांगितलेला तोच. त्याच्या डोक्यावरच्या दहाही बोटांची नखं पांढरी होती.

मला माझी फाईल समोर दिसत होती. तिसरा परिच्छेद.

महिला अंमलदार माझ्याआधी आत गेली. पोरगी कर्जतकडची, नोकरीत नवी. ती लांबच जमिनीवर बसली आणि नुसतं म्हणाली, "दादा, तांब्या आणू का?" खूप वेळ गेला. मग त्यानं एक हात खाली घेतला. पाणी असं प्यायला की तिला तांब्या धरून थांबवावं लागलं. आधी रुग्णवाहिका, मग पंचनामा, असं मी सांगितलं. एरवी आमच्याकडं उलटं असतं.

काळजीवाहकाला ठाण्यात आणलं तेव्हा आमच्या एक-दोघांचे हात शिवशिवत होते. मी बजावलं, कुणी बोट लावायचं नाही. माराखाली कबूल केलेलं कोर्टात टिकत नाही हे एक कारण. आणि दुसरं, मार खाऊन गप्प बसलेली माणसं त्या दिवशी मी पुरेशी पाहिली होती. त्याला चहा दिला आणि विचारलं, तुझा दिवस कसा जातो ते सांग. सकाळपासून. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

"पाचला उठतो साहेब. अठरा जनांना आंघोळी घालायच्या. सात जन अंथरुन खराब करत्यात, ते धुयाचं. मग न्याहारी. चौघांना भरवायला लागतं. दुसरा मानूस व्हता, तो सोडून गेला, त्याच्या जागंवर कुनी आलंच न्हाई. मी येकटाच. दीड वरीस झालं, मी घरी गेलो न्हाई. कुनी वरडायला लागलं की सगळेच वरडत्यात. अधीक्षकांना सांगितलं, तर म्हनले, सांभाळता येत नसंल त्याला कोठीत घाल, गप व्हतो." त्यानं चहाचा कप बाजूला सारला. "व्हत्यात गप. खरंच व्हत्यात."

"आणि डोक्याचे टाके?"

"आत ढकलताना भिताडाला लागायचं," तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "येकदा मीच मारलं. काठीनं."

"आणि मेला तो?"

"त्या दिसी लई वरडत व्हता. मी कोठीत घातला. दार वाजवत व्हता, वाजवत व्हता. मग आवाज थांबला. मला वाटलं, झोपला."

एवढं बोलून तो ढसाढसा रडायला लागला. कोठीतल्या त्या माणसाला फिट आली होती. दगडी उंबऱ्यावर डोकं आपटलं आणि तो तसाच पडून राहिला. दुपारी जेवणापासून पार चहाच्या वेळेपर्यंत. दार उघडलं तेव्हा उशीर झाला होता. अधीक्षकांनी सांगितलं, न्हाणीत नेऊन ठेव, वर पाणी ओत. त्यानं ओतलं. पाण्याला भिणाऱ्या माणसावर मेल्यावर बादलीभर पाणी.

अधीक्षक मात्र दोन दिवस बधले नाहीत. सगळं काळजीवाहकावर ढकलत राहिले. आता साक्षीदार कोण, हा प्रश्न आला. मी पुन्हा तेच वाक्य लिहिणार नव्हतो. विशेष शाळेतल्या एका अनुभवी बाईंना बोलावलं. त्यांनी आठवडाभर गृहात बसून सगळ्यांशी ओळख केली आणि मग मला म्हणाल्या, "साहेब, निम्मी माणसं सांगू शकतात. कुणी शब्दांनी, कुणी हातानं. तुम्हाला फक्त घाई सोडावी लागेल." मॅजिस्ट्रेटसमोर अण्णांचा जबाब झाला, चित्रीकरणासह. बाईंनी रहिवाशांचे फोटो आणि खोल्यांचे फोटो मांडले. अण्णांनी मयताचा फोटो उचलला आणि कोठीच्या फोटोवर ठेवला. मग अधीक्षकांचा फोटो उचलून त्याच्याशेजारी ठेवला आणि हातानं दाराची कडी लावून दाखवली. म्हणजे फक्त सांगितलं नव्हतं, कडी अधीक्षकांनी स्वतःही लावली होती. बचावाच्या वकिलांनी पुढं बराच आरडाओरडा केला की हा कसला जबाब. न्यायालयानं तो मानला. दोघांनाही शिक्षा झाली.

पण त्याआधी मला अकोल्याला जायचं होतं. गुन्हा दाखल झाला त्याच आठवड्यात गेलो. बाई खाचरात होती. मला बघून बांधावर आली, हात धुतले, "च्या ठेवते" म्हणाली.

मी म्हणालो, "आई, आधी ऐका. तुम्ही सांगत होता ते खरं होतं. मी ऐकलं नाही. माझं चुकलं." आणि सगळं सांगितलं, काही न गाळता.

ती बांधावर बसून राहिली. मग विचारलं, "लई येळ पडला व्हता का?"

खोटं बोलावंसं वाटलं. "हो," मी म्हणालो.

"जवळ कुनी व्हतं का त्याच्या?"

हे मला काळजीवाहकानं सांगितलं होतं. "दाराबाहेर एक जण बसला होता, आई. त्याला बोलता येत नाही, म्हणून तो कुणाला सांगू शकला नाही. पण त्यानं ताट आणून ठेवलं होतं आणि दार उघडेपर्यंत तिथून हलला नव्हता."

ती तेव्हा रडली. इतके महिने ती स्वतःला दोष देत होती, आपण पोटच्या पोराला परक्यात टाकलं म्हणून. नवरा गेल्यावर शेतात जायचं की त्याच्यामागं कड्याकपारीला धावायचं, दोन्ही एका बाईला जमणारं नव्हतं, हे ती मला समजावून सांगत होती, जणू मीच तिचा जबाब घ्यायला आलो होतो. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "त्या मानसाला मला भेटवा."

खटला चालू असतानाच जिल्ह्याला आढावा बैठक लागली. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय चुकलं ते शोधायचं. वरातीमागून घोडं, असं आमचे हवालदार म्हणाले, आणि सुरुवातीला तसंच वाटलं. प्रत्येक जण 'आमच्या पातळीवर कोणतीही त्रुटी नाही' इथून सुरू करत होता. त्या आईला बोलवायचा हट्ट मी धरला होता. ती मागच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी शवविच्छेदनाचा अहवाल फक्त शेवटच्या ओळीपुरता वाचला. वरचं वाचलं असतं तर पाच महिने आधी ते दार उघडलं असतं. आणि या बाई सांगायला आल्या, तेव्हा मी त्यांना बसासुद्धा म्हणालो नाही."

 मग सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम उठल्या. "तिन्ही डोक्यांचे टाके आमच्याकडं पडले. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून. आम्ही कागद एकत्र ठेवले नाहीत." गृहाच्या सरकारी तपासणीला जाणारे अधिकारी म्हणाले, "मी दर वेळी फोन करून जात होतो. तिथं कोठी आहे असं सांगितलं, मी दार उघडून बघितलं नाही." म्हणजे बघा, टाके डॉक्टरांना माहीत होते, दार तपासनिसांना, चुना मला, पाण्याची भीती आईला आणि डोकी चाचांना. सगळं सगळ्यांत मिळून माहीत होतं, फक्त आम्ही कधी एकत्र बसलो नव्हतो. सात आंधळे आणि हत्ती, तसली गत.

मग कुणीतरी जोरात म्हणालं की त्या काळजीवाहकाला तर जन्मठेप व्हायला हवी. ती आई उठली. सभागृहात बोलायची सवय नाही, पिशवी छातीशी धरून ती बोलली.

"त्याला काय व्हायचं ते कोरट बघंल. मला येवढंच सांगा. उद्या तिथं कुनाला मार बसला, तर तुमाला कसं कळंल? आनि आमाला कवाबी आत येता येईल का? म्हैन्याच्या पयल्या रविवारी, दहा ते बारा, असं न्हाई. कवाबी."

साहेब लोकांनी भरपूर कागद काढले असतील, पण पुढं जे जे झालं ते तिच्या या दोन प्रश्नांतूनच झालं. भेटीची वेळ रद्द झाली, नातेवाइकांना दार दिवसभर उघडं. गृहातल्या कुणाला कसलीही जखम झाली की दवाखान्यातून थेट ठाण्यात कळवायचं, आणि बीट अंमलदारानं जाऊन त्या माणसाशी, कर्मचाऱ्यांना बाहेर ठेवून, स्वतः बोलायचं. बोलता येत नसेल तर त्या शाळेच्या बाईंना बोलवायचं. चाचा, भाजीवाला, गॅसवाला, आत येणाऱ्या प्रत्येकाला ठाण्याचा नंबर दिला आणि सांगितलं, शंका चुकीची निघाली तरी कुणी रागावणार नाही. संस्थेचं जुनं मंडळ गेलं, नवं आलं, आणि एका माणसाच्या जागी पाच काळजीवाहक नेमले गेले. त्यांना आठवड्याची सुट्टी मिळते की नाही, हेही मी विचारायचो. लोक हसायचे. हसू देत. एका माणसाच्या अंगावर अठ्ठावीस जीव टाकून वर दया-माया कुठं गेली म्हणून विचारण्यात अर्थ नाही. त्यानं केलं ते माफ नाही, पण ते पुन्हा होऊ द्यायचं नसेल तर तेवढं बघावंच लागतं.

मला खात्याकडून लेखी ठपका मिळाला. योग्यच होता. नव्या पोरांना शिकवायला मी तो बराच काळ वापरला. त्यांना सांगायचो, अहवाल वरून खाली वाचा. आणि जो माणूस जबाब देऊ शकत नाही असं तुम्ही लिहिता, त्याच्यासमोर आधी तासभर बसून या, मग लिहा. गुन्हा लपवणारा माणूस फार हुशार असतो असा लोकांचा समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे. त्यानं फक्त एवढंच ओळखलेलं असतं की या लोकांना कुणी विचारणार नाही.

निवृत्तीनंतर नगरला स्थायिक झालो. मागच्या हिवाळ्यात श्रीरामपूरला एका लग्नाला गेलो होतो, येताना गृहाकडं गाडी वळवली. सकाळचे अकरा वाजले होते. गेट उघडंच. दारावरच्या मुलीनं, मी कोण, कशाला आलो, सगळं विचारून घेतलं. माजी पोलीस निरीक्षक म्हणालो तर म्हणाली, "असू द्या, वहीत नाव लिहा." मला बरं वाटलं.

पडवीत हा गोंधळ. कुणी गाणं म्हणतंय, कुणी भांडतंय, रेडिओ चालू. आणि स्वयंपाकघरात ती अकोल्याची आई. महिन्या-दोन महिन्यांनी येते, दोन-तीन दिवस राहते, अण्णांसाठी नागलीच्या भाकरी घेऊन येते. त्या दिवशी सगळ्यांसाठी पिठलं तिनं केलं होतं. मला बघून हसली, "बसा साहेब, जेवूनच जा." मी पंगतीला बसलो.

दोन घास झाले असतील, तोच माझ्या बाजूचा माणूस ताटावर मूठ आपटून मोठ्यानं ओरडला.

"मीठ न्हाई! पिठल्यात मीठ न्हाई! कुनी केलंय हे?"

कोठीतून आम्ही बाहेर काढला तोच हा. हात वर बघितला की डोकं झाकणारा. आता तोच हात नाचवत, सगळ्यांदेखत, स्वयंपाक करणारीला जाब विचारत होता. नवा काळजीवाहक घाईनं म्हणाला, "अरे हळू बोल, आजी आहेत."

आई मिठाचा डबा घेऊन बाहेर आली. काळजीवाहकाला हातानं बाजूला केलं, त्या माणसासमोर बसली आणि त्याच्या पिठल्यात मीठ घातलं. तिचे डोळे भरले होते.

"त्याला गप करू नगा," ती म्हणाली. "वरड बाबा. लई ग्वाड लागतं मला. आनखी काय कमी हाय, सांग."